मदत हवी आहे: कल्याण ते जुन्नर, दर रविवारी थोडं थोडं

मंडळी, नाणेघाटाची सातवाहनकाळची व्यापारी वाट कल्याणपासून तुकड्या-तुकड्यांनी चालतोय. ठाण्याहून पहिली लोकल, दिवसभर चाल, संध्याकाळी एसटीने परत. पुढच्या वेळी त्याच थांब्यापासून सुरुवात. मुरबाडपर्यंतचे ३० एक किलोमीटर दोन रविवारांत झाले. पण सगळं डांबरावरून! डंपरची धूळ खाल्ली, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं ते वेगळंच.

आता मुरबाडहून टोकावडे, पुढे वैशाखरे अशी शेताच्या बांधाबांधाने जाणारी गाडीवाट कुणाला ठाऊक आहे का? टोकावड्याहून कल्याणची शेवटची एसटी कितीला? आणि वैशाखरे गावात कुणाच्या पडवीत एक रात्र पथारी टाकता येईल का? घाट पहाटेच चढायचाय, ऊन तापायच्या आत वरचा दगडी रांजण गाठायचाय.

(गाडीने जा, हा सल्ला घरून मिळालेला आहे.)