प्रतिसाद : न भाजलेली माती

तरुण कलाकारांनी मृत्यू हा विषय घेणं म्हणजे उसनं गांभीर्य, असं म्हटलं जातं. मला नाही पटत. माझी भाची इथेच नागपुरात शिल्पकला शिकते. आमची आई गेल्यावर तिनं चितार ओळीतून, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीतून, माती आणून आजीचे चेहरे घडवले, पण भाजले नाहीत. त्यांवर थेंब थेंब पाणी पडत राहतं. आधी नाक झिजतं, मग ओठ. चार दिवसांनी परातीत नुसता चिखल उरतो, आणि त्याच चिखलातून ती पुढचा चेहरा घडवते. भट्टीत ६०० अंशांपुढे तापलेली माती पुन्हा भिजून चिखल होत नाही, म्हणून तर न भाजण्याला इथे एवढा अर्थ आहे.

ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टनं १९९१ साली फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवलेला शार्क कुजत गेला, २००६ मध्ये बदलावा लागला. ती टिकवण्याची धडपड. आपण नागपूरकर तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, खपून बनवतो, मिरवतो, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत जाळतो. हे लहानपणापासून पाहिलेल्या पोरीला विषय बाहेरून आणावा लागत नाही.

एका चेहऱ्याच्या शेवटच्या दिवशी माझी बहीण परातीपाशी बसली होती. तिनं चिखलात हात बुडवला, कुणी अडवलं नाही.