कायनेसिओ टेपने स्नायूला खरंच ताकद येते का? सल्ला हवाय

जिन्याची_वैरीण
पळायला लागून आठ महिने झाले. गेले तीन आठवडे उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतंय, सपाटीवर पळताना कमी, जिना उतरताना जास्त, आणि बराच वेळ खुर्चीत बसून उठलं की पहिली दोन पावलं नकोशी होतात. फिजिओंनी तो रंगीत, ताणला जाणारा टेप लावला आणि खरं सांगते, त्याच संध्याकाळी जिना उतरताना बरं वाटलं. पण त्या म्हणाल्या की टेपमुळे मांडीच्या स्नायूची ताकद वाढते, तिथे माझं अडलं. कुणी यावरचं संशोधन नीट वाचलंय का? पुढच्या महिन्यात दहा किमीची शर्यत आहे, टेप लावून पळू का?

नेटजवळचा
बिनधास्त लावा. मी खांद्याला दोन सीझन वापरलाय, हात वर नेताना फरक जाणवायचा. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बीच व्हॉलीबॉल खेळणाऱ्या केरी वॉल्शच्या खांद्यावर काळा टेप दिसला तेव्हापासून सगळे व्हॉलीबॉलवाले लावतात, एवढे खेळाडू उगाच लावतील का?

रात्रीचं_वाचन
खेळाडू लावतात म्हणजे ताकद वाढते असं नाही हो. दुखणं आणि ताकद हे दोन वेगळे प्रश्न आहेत, सगळा गोंधळ तिथेच होतो.

ताकदीचं आधी. २०१५ मध्ये एक फार हुशारीने आखलेला प्रयोग झाला. टेपबद्दल काहीच माहीत नसलेली ३० निरोगी माणसं घेतली आणि त्यांना सांगितलं की आम्ही स्नायूचे सेन्सर चिकटवतोय. म्हणजे अंगावर टेप आहे हेच त्यांना माहीत नाही! मग मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मशीनवर मोजली, एकदा पद्धतशीर टेप लावून, एकदा नुसता दिखाव्यापुरता खोटा टेप लावून, एकदा टेपशिवाय. काही फरक नाही. त्याच वर्षी १९ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही ताकदीवरचा परिणाम नगण्यच निघाला. त्यामुळे ताकदीचं मनातून काढून टाका.

दुखण्याचं चित्र जरा मिश्र आहे. कंबरदुखीच्या १४८ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१४ ची. या टेपचे जपानी जनक केंझो कासे यांचं म्हणणं असं की ताणून लावलेल्या टेपमुळे कातडीला बारीक सुरकुत्या पडतात, कातडी किंचित उचलली जाते आणि खाली रक्ताला आणि लसिकेला (कातडीखालच्या पाणीदार द्रवाला) वाट मिळते. म्हणून एका गटाला सुरकुत्या पडतील असा ताणून टेप लावला आणि दुसऱ्याला अजिबात न ताणता. चार आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच! सुरकुत्यांमुळेच गुण येत असता तर इथे दिसायला हवा होता ना.

दुसरीकडे, खांदेदुखीच्या ४२ विद्यार्थ्यांवरच्या २००८ च्या अभ्यासात टेप लावल्या लावल्या हात न दुखता जास्त वर गेला, पण पुढच्या काही दिवसांत खोट्या टेपच्या गटाशी बरोबरी झाली. तुमचा जिना आणि नेटजवळचा यांचा खांदा मला यातलाच वाटतो. आराम खरा असतो, तो खोटा म्हणायचं काही कारण नाही, कातडीवरच्या स्पर्शामुळे वेदनेचा संदेश थोडा दबत असावा. फक्त तो थोडा वेळ टिकतो.

जिन्याची_वैरीण
सेन्सरवाला प्रयोग वाचून डोकंच चक्रावलं. मग काढून टाकू का?

रात्रीचं_वाचन
नको, व्यायामाच्या जोडीला राहू दे. वाटीभोवतीच्या दुखण्यासाठी २०१९ च्या अमेरिकन फिजिओथेरपी मार्गदर्शिकेत मुख्य उपचार म्हणून नितंब आणि गुडघा दोन्हींचे व्यायाम दिलेत, टेपिंग त्याच्या जोडीला, तेही पहिल्या चारेक आठवड्यांपुरतं. फिजिओंना सरळ विचारा, ‘टेप ठीक, पण व्यायाम कुठले आणि किती दिवसांनी वाढवायचे?’

कातडी_नाजूक
संशोधन राहू दे, लावण्या-काढण्याचं सांगते, कारण मी पोटरीवरची कातडी सोलवटून घेतलीय. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, नाहीतर कपड्यात अडकून टोकं सुटतात. तेल किंवा लोशन लावलेल्या कातडीवर चिकटत नाही. दोन्ही टोकं अजिबात न ताणता टेकवायची, ताण फक्त मधे, मी टोकं ताणली होती आणि नेमके तिथेच फोड आले. वरून तळव्याने चोळा, ऊब लागली की गोंद धरतो. काढताना फर्रकन ओढू नका, अंघोळीत भिजवून किंवा तेल लावून, एका हाताने कातडी दाबून धरून हळूहळू सोडवा. खाज किंवा आग व्हायला लागली तर वाट न बघता लगेच काढा. जखमेवर लावू नका, आणि पायात रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल तर आधी डॉक्टर.

जिन्याची_वैरीण
टोकं ताणूनच लावली होती मी काल, आत्ता काढते. आणि शर्यत?

रात्रीचं_वाचन
शर्यतीचं टेपवरून ठरवू नका. टेपशिवाय जिना उतरून बघा, सरावाचं अंतर थोडं कमी करा, आणि पळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जास्त बोलतोय का ते लिहून ठेवा. दुखणं वाढतच असेल तर ही शर्यत सोडा. सूज आली, गुडघा अडकला किंवा पाय मधेच दगा द्यायला लागला तर टेपचा विषय बाजूला ठेवून लगेच दाखवा.

नेटजवळचा
मला खांद्याचे व्यायाम कुणी दिलेच नव्हते, दोन वर्षं नुसता टेप. या आठवड्यात जाऊन विचारतो.