नागपूरजवळची शिळावर्तुळं: जुनापाणी की माहुरझरी?

सईची_आई
दिवाळीत पुण्याहून नागपूरला माहेरी जातेय. लेकीने कुठेतरी वाचलंय की विदर्भात फार पूर्वी दगडांच्या वर्तुळांखाली माणसं पुरायचे, आणि कधी सोबत घोडाही. तेव्हापासून 'का पुरायचे?' चालूच आहे. एक सकाळ हाताशी आहे, सोबत आई (गुडघे!). कुठे जाऊ? भाऊ म्हणतो जुनापाणीला नुसते दगड आहेत.

काटोल_नाका
दगडच हायेत ताई, खोटं काहून बोलू! पण तीनशेच्या आसपास वर्तुळं, अन् नागपूरपासून दहाएक किलोमीटरवर. उंच टेकाड शोधू नका. गोलात माती-मुरमाचा जरासा फुगवटा, बस. दिवाळीत मात्र नका येऊ. आम्ही गेल्तो, गवतात दगडच दिसेनात. पँटभर कुसळं घेऊन परत. जानेवारीत या.

खापरवेडा
जानेवारीच. आणि सकाळी ऊन तिरपं असतानाच पोचा. काही दगडांवर ओळीने वाटीसारखे खळगे कोरलेत. ऊन डोक्यावर आलं की ते दिसेनासे होतात. फोटोसाठी त्यांत खडू भरू नका, जागा संरक्षित आहे.

घोडा माहुरझरीचा. तिथे 1970च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी खोदलं, तेव्हा घोड्याची हाडं आणि त्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने निघाले. घोडा बाळगणारा मोठा असामी, म्हणून मेल्यावरही सोबत, असा अंदाज. माणसाची हाडं मात्र बऱ्याचदा थोडीच मिळतात, अख्खा देह नाही. माहुरझरीची वर्तुळं विखुरलेली आहेत, आईंना जुनापाणीच बरं.

घोडकाठ
पुण्यात राहता ना? मग दिवाळीआधी डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघा. त्यात इनामगावच्या उत्खननातल्या वस्तू आहेत. पुणे जिल्ह्यातली ही प्राचीन वस्ती नागपूरच्या वर्तुळांहून जुनी. इनामगावात मेलेल्या तान्ह्या मुलांना दोन घागरींत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांची पावलं घोट्यापासून तोडत. परत येऊ नयेत म्हणून, असं म्हणतात.

काटोल_नाका
अन् पुरातन कशाला, भामरागडकडं माडिया लोक आजही मयताच्या नावानं दगड उभा करतात. पण ते पाहाले उठून जायची गोष्ट नाही, बोलावलं तरच.

सईची_आई
आधी संग्रहालय, मग जानेवारीत जुनापाणी. घागरींचं आईला वाचून दाखवलं. म्हणाली, 'बरोबर आहे, तान्हं लेकरू बाहेर कसं ठेवायचं?' जुनापाणीला बसायला काही आहे का?

काटोल_नाका
घडीची खुर्ची आणा. वर्तुळातल्या दगडावर नका बसवू.