आयपीए बीअर – नवशिक्याला तातडीने मदत हवी आहे

नवखा_गडी: मंडळी, शुक्रवारी टीमबरोबर टॅपरूमला (बीअर बनवणाऱ्यांच्याच बारमध्ये) जायचंय. सगळे आयपीएच मागवतात. मागच्या वेळी मीही घेतली, त्यापेक्षा काडेचिराईत बरं! पिण्याजोगी कुठली? पटकन सांगा, गुगल कर म्हणू नका.

सोमरस: राहता कुठे? आणि मागची कुठली होती?

मुळाकाठचा: पुण्यात मायक्रोब्रुअरी काय कमी आहेत? सरळ गव्हाची बीअर घ्या. आयपीएच्या नादी लागूच नका.

नवखा_गडी: अहो, मी सिअ‍ॅटलला आहे. नाव कोण लक्षात ठेवतं? सोनेरी, नितळ होती.

सोमरस: मग वेस्ट कोस्ट प्रकारची आयपीए असणार. तिच्यात हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) उकळीच्या सुरुवातीलाही पडतात, कडवटपणा तासभर उतरत राहतो. आयबीयू, म्हणजे कडवटपणाचं माप, ६०-७० सहज. तुम्ही 'हेझी' आयपीए मागा. गढूळ असते, आंब्या-संत्र्याचा वास येतो, ओट्समुळे जिभेला मऊ लागते. हॉप्सचा मोठा वाटा उकळी थांबल्यावर आणि आंबवताना टाकतात, म्हणून वास दणकून, कडवटपणा बेताचा. कॅन घेतलात तर तारीख बघा, हा वास महिन्या-दोन महिन्यांत उतरतो.

हॉप्सकाका: हेझी म्हणजे ज्यूस! अमेरिकेतले बहुतांश हॉप्स याकिमाच्या खोऱ्यात पिकतात, म्हणजे तुमच्याच राज्यात, आणि तुम्ही ज्यूस पिणार? आधी साधी पेल एल घ्या, कमी कडवट, ५ टक्के अल्कोहोलच्या आसपासची. जीभ तयार होऊ द्या.

सोमरस: काका, त्यांना शुक्रवार निभवायचाय, पीएचडी नाही करायची.

बखरकार: आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, बरं का. भारतात येणाऱ्या बोटीवर टिकावी म्हणून लंडनच्या हॉजसन नावाच्या बीअरवाल्याने शोधली.

हॉप्सकाका: दंतकथा! हॉजसन भारतात बीअर पाठवायचा, खरं. पण गरम देशांत पाठवायच्या बीअरला जास्त हॉप्स घालायची रीत त्याच्या आधीची. १८२०च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्टन गावचे बीअरवाले या धंद्यात उतरले. तिथलं पाणी जिप्समचं, त्यात हॉप्स खुलतात.

मिताहारी: बीअर शाकाहारी असते का? आयसिंग्लास माशाच्या पिशवीपासून करतात म्हणे.

सोमरस: ते बीअर नितळ करायला. हेझी गढूळच ठेवतात.

नवखा_गडी: धागा माझा आहे ना? हेझी मागतो. सोबत तिखट विंग्ज चालतील?

सोमरस: आधी फ्लाइट मागवा, चार छोटे ग्लास, चाखून ठरवा. 'डबल' आयपीए टाळा, अल्कोहोल ८ टक्क्यांच्या पुढे जातं. विंग्ज नकोत, कडवटपणाने तिखट आणखी झोंबतं.

हॉप्सकाका: काहीतरीच! आयपीएबरोबर तिखटच हवं.

मुळाकाठचा: गव्हाच्या बीअरबरोबर काहीही चालतं.