मदत हवी आहे: आईच्या दम्याच्या तक्त्यात सकाळचा आकडा धरावा की संध्याकाळचा?

नमस्कार. माझी आई ६२ वर्षांची असून निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. ती आणि बाबा दापोली तालुक्यात गावी राहतात, मी नोकरीनिमित्त ठाण्याला असतो. आईला सुमारे १५ वर्षांपासून दमा आहे. मात्र इतकी वर्षे तिने 'धाप लागली की निळा पंप' एवढाच उपचार केला. गेल्या फेब्रुवारीत एका रात्री तिला बोलताही येईना इतका दम लागला, दोन दिवस रुग्णालयात वाफ आणि ऑक्सिजन द्यावा लागला, आणि त्यानंतर चिपळूणच्या छातीविकारतज्ज्ञांनी तिला प्रथमच रोजचे औषध आणि लेखी तक्ता दिला.

रोजचे औषध म्हणजे बुडेसोनाईड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला २००/६ चा (एका पफमध्ये अनुक्रमे २०० आणि ६ मायक्रोग्रॅम) पंप, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून सकाळी दोन पफ आणि रात्री दोन पफ. अडीअडचणीला सॅल्ब्युटामॉलचा निळा पंप आहेच. सोबत पीक-फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर श्वासाचा वेग आकड्यात दाखवणारे साधन, दिला आहे. पहिल्या दोन आठवड्यांत तिचा सर्वोत्तम आकडा ३२० आला, म्हणून डॉक्टरांनी तक्त्यात २५६ च्या वर हिरवा पट्टा, १६० ते २५६ पिवळा आणि १६० च्या खाली लाल असे लिहून दिले. पिवळ्यात निळ्या पंपाचे दोन ते चार पफ घ्यावेत आणि दोन दिवसांत आकडा सुधारला नाही तर फोन करावा, असे त्यात आहे.

मार्च ते मे उत्तम गेले. जुलैपासून मात्र ती पहाटे चार-साडेचारला खोकत उठते, छातीत सांय सांय आवाज येतो आणि निळा पंप घेतल्याशिवाय पुन्हा झोप लागत नाही. गेल्या पंधरवड्यात तिचा सकाळचा आकडा २३० च्या आसपास येतो आणि संध्याकाळचा २९०. म्हणजे सकाळी ती पिवळ्यात असते आणि दिवेलागणीला हिरव्यात. बाबांचे म्हणणे असे की संध्याकाळी आकडा सुधारतो आहे, त्या अर्थी दोन दिवसांची अट लागूच होत नाही, मग डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा. मला हे पटत नाही, पण तक्त्यात याचे उत्तरही सापडत नाही.

घर जुने, चिऱ्याचे आहे. या दिवसांत भिंतींना ओल येते आणि कपाटामागे बुरशी धरते. न्हाणीची चूल अजून झावळ्या आणि सोडणांवरच पेटते आणि पावसात ती सुकी मिळत नाहीत, त्यामुळे धूर फार होतो. हे सर्व दरवर्षीचेच असले तरी त्रास यंदा अधिक आहे. औषधे नियमित आहेत असे आई सांगते; मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून आतापर्यंत दोन पंप संपले असून तिसऱ्याच्या काउंटरवर आज ६४ दिसते. याशिवाय रक्तदाबाची एक गोळी, जूनपासून काचबिंदूचे थेंब आणि गुडघ्यासाठी क्वचित वेदनाशामक, इतकेच चालू आहे.

माझे प्रश्न असे आहेत. दोन आकड्यांपैकी कोणता धरायचा? पावसाळा संपेपर्यंत रोजचे औषध वाढवून घ्यावे का? आणि रात्री पावसात गाडी करून चांगल्या रुग्णालयात पोहोचायला आम्हाला तास लागतो, हे लक्षात घेता लाल पट्ट्यासाठी घरात काही औषध ठेवावे का? कोजागरीच्या खिरीतले औषध आणि मृगाच्या वेळचा हैदराबादचा मासा, हे दोन्ही सल्ले नातेवाइकांकडून वारंवार मिळालेले आहेत. ते कृपया येथे नकोत.

प्रतिसाद १

मी स्वतः २० वर्षांपासून दम्याचा रुग्ण आहे, डॉक्टर नाही. त्या मर्यादेत लिहितो.

दोन्ही आकडे धरायचे असतात, आणि त्यांतील अंतरही. दम्यात श्वासनलिका पहाटे सर्वांत अरुंद असतात, त्यामुळे सकाळचा आकडा थोडा कमी येणे स्वाभाविक आहे; परंतु २३० आणि २९० यांत ६० चा फरक आहे, म्हणजे सरासरीच्या सुमारे २३ टक्के. प्रौढांमध्ये हा फरक पंधरवडाभर सरासरी १० टक्क्यांच्या वर राहिला तर तो जास्त मानतात. त्यात पहाटे जाग येणे आणि रोज निळा पंप लागणे, ही दोन लक्षणे आकडा न पाहताही पुरेशी बोलकी आहेत. सलग दोन सकाळी पिवळा आकडा आला तेव्हाच फोन करायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. आकडे औषध घेण्याआधी, उभे राहून, तीनदा फुंकून त्यांतील सर्वांत मोठा असेच घेत आहात ना, तेही पाहा.

आता पंपाचा हिशेब. पंपात १२० पफ असतात असे धरतो. रोजचे चार म्हणजे एक पंप ३० दिवसांचा. मार्चपासून पाच महिन्यांत सुमारे ६०० पफ लागायला हवे होते. तुमच्या सांगण्यावरून २९६ लागले आहेत (दोन पंपांचे २४०, आणि काउंटर उरलेले ६४ दाखवतो म्हणून तिसऱ्यातले ५६). हे इतके नेमके निम्मे आहे की आई दिवसातून एकदाच पंप घेत असाव्यात. कृपया रागावू नका, विचारून पाहा. मीही अनेक वर्षे हेच केले आहे, आणि कारण ठरलेले असते: 'पंपाची सवय लागते' आणि 'त्यात स्टिरॉईड असते'. त्यांना हे सांगा की रोजचे चार पफ म्हणजे ८०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाईड, आणि अटॅक आल्यावर जी प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टिरॉईडचीच, गोळी घ्यावी लागते तिचा दिवसाचा डोस ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅमही असू शकतो. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसते, त्यामुळे ही तुलना केवळ वजनाची आहे. पण पंपाचे औषध थेट फुप्फुसात जाते म्हणून इतक्या थोड्यात भागते, हे त्यावरून कळते. पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकले की तोंडातली बुरशी बहुधा टळते. तेव्हा औषध वाढवून मागण्यापूर्वी लिहून दिलेले तरी पूर्ण पोटात, क्षमस्व, छातीत जाऊ द्या.

प्रतिसाद २

मी औषधनिर्माता आहे. वरील हिशेब योग्यच आहे. परंतु मला आपल्या पोस्टमधील दुसरेच वाक्य खटकले. काचबिंदूचे थेंब जूनपासून आहेत आणि त्रास जुलैपासून. बाटलीवरचे घटकाचे नाव आजच वाचून येथे लिहावे. त्यात टिमोलोल असेल, एकटे किंवा दुसऱ्या औषधाबरोबर, तर ते दमा असलेल्यांना देऊ नये असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते.

डोळ्यात घातलेला थेंब डोळ्यातच राहतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो अश्रुनलिकेवाटे नाकात उतरतो, तेथून रक्तात शोषला जातो आणि यकृतातून न जाता सरळ शरीरभर पोहोचतो. टिमोलोल बीटा-ब्लॉकर आहे. श्वासनलिकेतील ज्या ग्राहींना (रिसेप्टर) चेतवून निळा पंप नलिका मोकळी करतो, तेच ग्राही ते अडवते. म्हणजे दमही लागतो आणि दमावरचे औषधही पुरेसे चालत नाही. अर्धशिशीसाठी किंवा हातांच्या कंपासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलच्या गोळीचेही तसेच. रक्तदाबाच्या गोळीचे नावही म्हणून तपासा. वेदनाशामकांचे दम्याच्या काही रुग्णांनाच वावडे असते. आईंना ती घेतल्यावर पूर्वी कधी धाप लागली आहे का, हे विचारून ठेवा.

मात्र थेंब परस्पर बंद करू नका. डोळ्याचा दाब अनियंत्रित राहिला तर गेलेली दृष्टी परत येत नाही. नेत्रतज्ज्ञांना आजच फोन करून 'आईला दमा आहे' हे एकच वाक्य सांगा. लॅटॅनोप्रोस्टसारखे वेगळ्या गटातील पर्याय उपलब्ध आहेत. ती स्टिरॉईडचा पंप घेते हेही त्यांना कळवा, कारण मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्याचाही डोळ्याच्या दाबाशी संबंध असतो.

लाल पट्ट्याविषयी: प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घरात ठेवण्याची मुभा दूरच्या रुग्णांना अनेक डॉक्टर देतात, पण मात्रा, दिवस आणि केव्हा सुरू करायच्या हे त्यांनीच तक्त्यात लिहिलेले असावे. तशी वेळ आली तर १०८ ला फोन करावा किंवा गाडी काढावी, आणि त्याच वेळी स्पेसरमधून निळ्या पंपाचे एकेक करून चार ते दहा पफ द्यावेत. पहिल्या तासात दर २० मिनिटांनी ते पुन्हा देता येतात. वाक्य पुरे होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मीटर फुंकत बसू नये.

धागाकर्ता

थेंबांच्या बाटलीवर टिमोलोल ०.५ टक्के असेच लिहिलेले निघाले. नेत्रतज्ज्ञांकडे दिलेल्या कागदावर 'इतर आजार' या रकान्यात बाबांनी फक्त रक्तदाब लिहिला होता, कारण त्या महिन्यात आईला दम्याचा त्रास नव्हता. रक्तदाबाची गोळी वेगळ्या गटातील आहे, तिची अडचण नाही.

पंपाचा अंदाजही खरा ठरला. आई रात्रीचे दोन पफ 'वाचवत' होती. पैसे नव्हे, औषध. पुढे कधी जास्त लागले तर ते लागू पडावे म्हणून. आता पंप आणि स्पेसर दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवला आहे, त्यामुळे चूळही आपोआप भरली जाते. स्पेसर बाबा फडक्याने कोरडा पुसत होते. त्याने आत स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीला चिकटते, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितल्यावर तो आता साबणाच्या पाण्यात बुडवून नुसता निथळत ठेवतात.

थेंब बदलून आज १२ दिवस झाले. सकाळचा आकडा २८५, संध्याकाळचा ३१०. गेल्या पाच रात्री पहाटेची जाग आलेली नाही. पाऊस तोच, ओल तीच. न्हाणीच्या चुलीवरून मात्र घरात अजून वाद आहे, बाबांना गॅसच्या पाण्याने आंघोळ झाल्यासारखे वाटत नाही. रोजचे औषध डॉक्टरांनी वाढवलेले नाही. प्रेडनिसोलोनची मात्रा त्यांनी लाल पट्ट्यात लिहून दिली आहे आणि सप्टेंबरमध्ये तपासणीला बोलावले आहे.

तक्त्याच्या तळाला आईने स्वतः पट्टीने एक रेघ आखून चौथा रकाना काढला आहे. त्यात तिच्या सगळ्या औषधांची नावे आहेत आणि सर्वांत वर लाल शाईने, वहीत चूक दाखवताना ती करायची तशी फुली मारून, 'टिमोलोल' लिहिलेले आहे.