सासऱ्यांच्या कागदांच्या दोन ट्रंका, काय ठेवायचं आणि काय पस्तीत (रद्दीत) द्यायचं?

मांजलपूरची सून
आमचं वडोदऱ्यात दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करायचंय, पुढेमागे विकायचंही आहे. दिवाळीच्या आत सगळं इकडे फ्लॅटवर आणायचंय. भांडीकुंडी, फर्निचर यांचा निकाल लागला पण सासऱ्यांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका आणि माळ्यावरची पोती तशीच पडून आहेत. लाईट बिलं, वेऱ्याच्या (घरपट्टीच्या) पावत्या, नवऱ्याची शाळेतली प्रगतीपुस्तकं, मिक्सरचं गॅरंटी कार्ड (मिक्सर केव्हाच गेला), जुनी पासबुकं, गवंड्याच्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक गोष्टीच्या चार-चार झेरॉक्स. बाबांना विचारलं की एकच उत्तर, "असू दे, लागलं तर?" त्यांची तब्येत ठणठणीत आहे आणि त्यांच्या पाठीमागे मला काही फेकायचं नाहीये, पण इथे कपाट एकच मोकळं आहे. नवरा म्हणतो सगळं स्कॅन करून टाक. कोण करणार, मीच ना! कुणी नीट सांगेल का काय करायचं?

रावपुऱ्याचे काका
ताई, सगळं स्कॅन करायच्या भानगडीत पडूच नका, दिवाळी जाईल आणि ट्रंका तिथेच राहतील. कागद हातात घेतला की एवढंच बघायचं, हा हरवला तर परत कोण देईल? लाईट बिल, फोन बिल, बँकेचं स्टेटमेंट आता नेटवर मिळतं, ते सरळ काढा. वेऱ्याची शेवटची पावती ठेवा आणि मागची काही बाकी नाही ना तेवढं बघून घ्या. घराचा दस्तावेज (खरेदीखत), विम्याचे बाँड, मृत्युपत्र ही ओरिजिनलच लागतात. आणि डिजिलॉकरचं (सरकारचं नेटवरचं कागदांचं कपाट) एक लोकांना कळत नाही, सरकारी खात्याकडून थेट तिथे आलेला कागद ओरिजिनलच्या बरोबरीचा धरतात, पण आपण फोटो काढून चढवलेला कागद म्हंजे नुसता फोटो.

आता बाबांच्या बाजूने बोलतो. घर विकायचं म्हणताय ना, मग गवंड्याच्या चिठ्ठ्यांना हात लावू नका. विकल्यावर जो नफा धरतात त्यातून घरात घातलेला भांडवली खर्च वजा होतो, म्हंजे वरची खोली चढवली, नवीन संडास-बाथरूम बांधलं असं. रंगरंगोटी, गळती काढणं नाही चालत. त्यातही १ एप्रिल २००१ च्या आधीचं घर असेल तर त्या तारखेची बाजारकिंमत धरता येते, आणि ती धरली की त्याआधीचा खर्च वेगळा मिळत नाही. म्हणून त्याआधीची सिमेंट-विटांची बिलं हिशोबाच्या दृष्टीने गेली, नंतरची मात्र पैशासारखी जपा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के बिगर इंडेक्सेशन (म्हंजे महागाईप्रमाणे खर्चाची रक्कम वाढवून न धरता) किंवा २० टक्के इंडेक्सेशनसकट, यात जो कमी बसेल तो टॅक्स, दोन्हीकडे ही बिलं कामाची. सीएला दाखवल्याशिवाय एकही चिठ्ठी देऊ नका.

अकोटावाली
काका बरोबर पण एक राहिलं, ठेवणार कुठे? २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा फाईली कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होत्या, कारण जड सामान खाली ठेवायचं हीच आपली पद्धत. सगळा लगदा. तेव्हा कळलं की ओले कागद ओढून सुटे करायचे नाहीत, फाटतात, आणि कडक उन्हात किंवा इस्त्रीखाली तर मुळीच नाही. सावलीत पंख्याखाली, मधे मधे कोरे कागद घालून वाळवायचे (छापील पेपर घातला तर शाई उतरते), आणि हे दोन दिवसांत उरकलं पाहिजे नाहीतर बुरशी धरते. एवढं होणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमधे टाकायचे, तिथे बुरशी थांबते, मग सवडीने थोडे थोडे बाहेर काढायचे. माझ्या सासूबाईंनी मटार बाहेर काढून दस्तावेज आत ठेवला, हसू नका, वाचला तो! तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असला तरी कागद वरच्या खणातच ठेवा.

जुनीपानी
लॅमिनेशन करू नका प्लीज, काहीच. दुकानाची चकचकीत पावती मशीनमधून काढली तर पूर्ण काळी होते, ती उष्णतेवरच छापलेली असते. ती नुसती ठेवली तरी पुसटते, म्हणून वॉरंटीवाल्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढायचा.

सयाजीगंज ४२
पस्तीवाल्याला देताना आधार-पॅनच्या झेरॉक्स आधी फाडा, नुसत्या अर्ध्या नाही, नंबरावरून फाडा. आमच्याकडे एकदा शेंगदाण्याची पुडी आली ती कुणाच्यातरी लोनच्या फॉर्मची, फोटो आणि सही सकट! आणि यापुढे कुणी झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार चालतं का विचारा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

रावपुऱ्याचे काका
हो, आणि पासबुकांवरून आठवलं. फेकायच्या आधी खाती बंद झाली होती का ते बघा. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात पण मागता येतात, उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधा. तसंच शेअर सर्टिफिकेटं निघाली तर कंपनी ऐकिवात नाही म्हणून पस्तीत घालू नका, कंपन्यांची नावं बदलतात. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत, आधी डीमॅट (कागदाऐवजी कंप्युटरवरच्या खात्यात जमा) करावे लागतात. आणि सलग सात वर्षं डिव्हिडंड उचलला नसेल तर शेअर सरकारी आयईपीएफ फंडात जातात, तिथूनही परत मिळतात, वेळ लागतो एवढंच. वडोदऱ्यात अशी सर्टिफिकेटं घरोघरी निघतात, बाबांना विचाराच.

मांजलपूरची सून
थँक्यू सगळ्यांना, काकांचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं, "बघ, मी काय म्हणत होतो" असं म्हणून ते स्वतःच ट्रंक उघडून बसले आणि लाईट बिलांचं आख्खं पोतं काढून दिलं. मिक्सरचं कार्ड काही देत नाहीत, असू दे. शेअर निघाले नाहीत पण तळाशी जाड पिवळे कागद निघालेत, मोडी लिपीत लिहिलेले, बाबांच्या आजोबांचे म्हणतात, कडा कसरीने खाल्ल्यात. बाबांना वाचता येत नाही. इथे कुणाला येतं का? फोटो टाकू?

जुनीपानी
टाका, तारखेची ओळ नीट दिसेल असा. फ्लॅश नको, आणि घडी जिथे तडकली असेल तिथे उलगडू नका.