गाजराचा शेंडा लावला, गाजर काही येईना

तिसरा_मजला (पुणे)
मंडळी, धनकवडीत भाड्याने राहतो. गॅलरी पूर्वेला, ऊन सकाळी आठ ते अकरा, मग संपलं. टाकाऊतून भाजी पिकवायचे ते व्हिडिओ बघून गेल्या महिन्यात गाजराचे शेंडे, बिटाचं बूड आणि कोबीचा दांडा बश्यांमध्ये पाणी घालून ठेवले. कोबी कुजला, घरभर वास. गाजराला मात्र झकास तुरा आला म्हणून कुंडीत लावलं. काल उपटून पाहिलं तर खाली तीच सुकलेली चकती! माती आणि दोन कुंड्या मिळून साडेचारशे रुपये गेले. तेवढ्यात हिवाळाभर गाजर हलवा झाला असता, इति सौ. स्वयंपाकघरातल्या टाकाऊतून खरंच काही पिकतं, की नुसता टाइमपास?

निवांत_नाना
टाइमपास. मंडईत जा, पिशवी भरून आण.

डोंबिवलीची_माई
नाना, तुम्ही गप्प बसा.

बाळा, गाजर म्हणजे मूळ. झाडाने ते एकदाच भरून ठेवलं आणि तू ते खाल्लंस. शेंड्यात उरलेल्या शिदोरीवर पाला फुटतो, फार तर फुलावर जातो. नवं गाजर हवं तर बी पेरावं लागतं. बीट आणि मुळा तसेच. बिटाचा पाला मात्र भाजीत घाल, छान लागतो.

माझी बाग म्हणजे खिडकीच्या ग्रिलमधली दीड फूट जागा. बावीस वर्षं झाली. त्यात बटाटे-टोमॅटो पिकवायचे नाद मी सोडून दिले. जे आपण चिमूटभर वापरतो आणि बाजारात जुडीभर घ्यावं लागतं, तेच लावते. पैसे तिथे वाचतात.

कोंब फुटलेला कांदा मातीत अर्धा पुरायचा. पंधरा दिवसांत पात. मुळापासून उपटू नको, दोन-तीनदा कापता येते, मग कांदा पोकळ होतो. लसणाच्या बारीक पाकळ्या, ज्या सोलायचा कंटाळा येतो, त्या खोच. गड्डा आमच्या दमट हवेत कधीच धरला नाही, पण पातीची चटणी होते. पुदिन्याची पानं खुडून झाली की दांडे पाण्यात ठेव, आठवड्यात मुळ्या सुटतात. पाणी एक दिवसाआड बदल. नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेची माणसं तपासायला आली की मान खाली घालावी लागते.

धणे वाण्याकडचेच, पण लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायचे आणि रात्रभर भिजवायचे. अख्खे पेरलेस तर उगवायला रडवतात. आता एप्रिलात मात्र घाई करू नको, उन्हाळ्यात कोथिंबीर चार पानं देते आणि फुलावर जाते. आमच्याकडे कबुतरं ती तुडवतात म्हणून वर मासळीचं जुनं जाळं बांधलंय.

तुझ्या तीन तासांच्या उन्हाला खरं पीक म्हणजे आलं. अक्षय्य तृतीयेनंतर, पावसाआधी लाव. डोळे फुगलेला तुकडा बघ, दोन-दोन डोळ्यांचे भाग कर, एक दिवस सुकू दे आणि आडवे ठेवून दोन बोटं माती घाल. कुंडी उथळ पण रुंद हवी. पानं पिवळी पडली की, जानेवारीच्या सुमारास, काढायचं. मधेच चहाला हवं असेल तर कडेने बोट घालून कोवळं मोडून घ्यायचं, झाडाला कळतही नाही.

कुंड्या विकत कशाला आणल्यास? रंगाची बादली, खाली भोकं.

तिसरा_मजला (पुणे)
माई, धन्यवाद! खत? चहाचा चोथा थेट घातला तर मुंग्यांची वारी लागली.

डोंबिवलीची_माई
दूध-साखरेचा चोथा धुतल्याशिवाय घालशील तर लागणारच! फडक्यात धुऊन वाळव, मग घाल. भाजीच्या साली वेगळ्या बादलीत टाक, प्रत्येक थरावर सुका पाला किंवा पुठ्ठ्याचे तुकडे. वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, सुकं वाढव. वाटीभर आंबट ताक शिंपड. बादली भरली की मग दोन-तीन महिने झाकण उघडून उकिरडा उकरत बसू नकोस.

कृष्णाकाठ (सांगली)
माईंच्या बादलीत एक भर. रसवंतीवाल्याकडनं उसाची चिपाडं आणा, फुकट देतो. दोन दिवस कडक वाळवून बारीक करा. कुंडीत निम्मी माती, निम्मं हे, म्हणजे भाड्याच्या घराच्या गॅलरीवर वजनही पडत नाही. आमच्याकडे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारामुळं (स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचा गट) पाला-चिपाडं जाळायची नाहीत हे घरोघरी ऐकलेलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गच्चीवर उपाहारगृहाच्या कचऱ्यातून बाग झाली, त्यामागंही हाच विचार.

आणि अळकुड्या, म्हणजे अळूचे कंद! कोंब आलेली एक पुरा, भरपूर पानं. पण आधी एक पान शिजवून चाखा, काही जाती खाजऱ्या असतात. शिजवताना खाजेवर आमसूल नसेल तर चिंच घाला.

निवांत_नाना
माझ्याकडे गवती चहा मात्र आहे हं. कुणाला फुटवा हवा असेल तर कोथरूडला येऊन न्यावा.

तिसरा_मजला (पुणे)
नाना, रविवारी येतो. माई, आल्याचा डोळे आलेला मोठा तुकडा सापडला होता, खिडकीत सुकायला ठेवला. संध्याकाळी सौ.नी चहात ठेचला. उद्या परत शोधतो.